साहेब बसले ती रांग

अजून एक शाल निघाली आणि मी कपाळावर हात मारला. मी विंगेत उभी होते. विंग म्हणजे स्टेजच्या कडेची आडोशाची जागा. माझं काम मेकअपचं. कुणी शिकवलं न्हाय, लोकांच्या चेहऱ्यांवरच शिकले.

आमचं नाट्यगृह नगरपालिकेचं. ते लग्नकार्यासाठी ठेकेदाराला द्यायचं घाटत होतं. म्हणजे खुर्च्या काढायच्या, जमिनीचा उतार सपाट करायचा आणि पंगती बसवायच्या. मग ईट गावच्या आमच्या बायकांनी नाटक करायचं कुठं? खाजगी हॉल त्यांना झेपत न्हाय. म्हणून मुख्याधिकारी साहेबांना गळ घातली, ठराव मांडायच्या आधी एक प्रयोग तर बघा. साहेबांनी कसाबसा वेळ काढला.

आणि आम्ही काय केलं? सत्कार! पहिल्या रांगेतले सोफे उचलून स्टेजवर, बंद पडद्यापुढं मांडले. साहेबांना शाल, इंजिनियरला शाल, शाल आणणाऱ्यालाही शाल. आमच्या मंडळाचे अध्यक्ष अण्णा माइक सोडेनात. साहेब घड्याळ बघायला लागले. त्यांचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला.

पडद्यामागं सुमनचा मेकअप घामानं उतरत होता. नाटकात मुख्य काम तिचंच.

"मावशी, साहेब गेले तर काय वो?"

"जात न्हाईत. तू गप उभी ऱ्हा." म्हटलं खरं, पण पावडर लावता लावता माझे कान माइककडंच होते.

तिकडं अण्णा म्हणाले, "जाता जाता दोन शब्द..."

मी घंटा वाजवली. तिसरी. पहिल्या दोन आधीच झाल्या होत्या. तिसरी झाली की पडदा उघडतो, पात्रांशिवाय स्टेजवर कुणी थांबायचं न्हाय. अण्णांनीच हे आम्हाला जन्मभर ओरडून शिकवलेलं. ते वाक्यातच थांबले. साहेबांचा हात धरला आणि म्हणाले, "चला साहेब, खाली. पडदा उघडतोय." अण्णांचे पाय आधी हलले, डोकं मागून आलं.

पण बसवायचं कुठं? पहिली रांग तर आम्हीच वर नेलेली, सोफे घाईत विंगेत ढकललेले. बाकी हॉल भरलेला. साहेबांना शेवटची रांग मिळाली, खुर्चीची स्प्रिंग वर आलेली. मी नाटक बघितलंच न्हाय, फटीतून साहेबांकडंच बघत होते. मधेच ते उठले. वाटलं, निघालेच. त्यांनी नुसती खुर्ची बदलली. तीही तसलीच असावी, पण शेवटपर्यंत हलले न्हाईत.

निघताना मला म्हणाले, "इतक्या मागंही सगळं दिसतं, ऐकू येतं."

"उतार हाय म्हणून, साहेब. तोच काढायला निघालाव तुम्ही."

ते हसले न्हाईत. मला रात्रभर झोप न्हाय.

ठराव मांडला गेला न्हाय. निदान यंदा तरी. पुढं खुर्च्याही दुरुस्त झाल्या. सगळ्या न्हाय, साहेब बसले तेवढीच रांग.

तेव्हापासून मोठं माणूस आलं की आम्ही सत्कार करत न्हाय. आदरानं मोडक्या रांगेत नेऊन बसवतो. दर वेळी वेगळ्या.