रिकाम्या रानाची राखण

माझ्या थोरल्या भावाने, आण्णाने, मला शेवटचं विचारलं ते ‘तुझं गुडघं कसं हायत’ असं नाही. दुखरे गुडघे घेऊन मी पाटसहून एसट्या बदलत माहेरी, निमोण्यात, त्याच्या खाटेपाशी जाऊन बसले होते. त्याने डोळे उघडले, मला ओळखलं आणि विचारलं, ‘‘डबा वाजावला का कुणी?’’ वैनी म्हणाली, ‘‘वाजावला, वाजावला. पडा तुम्ही.’’ तो निवांत झाला. डबा कुणीच वाजवला नव्हता. वैनी दिवसभर त्याच्या उशाशी, मुलं आपापल्या कामावर... रानाकडे जायला सवड होती कुणाला? मी पाटसला परतले आणि त्याच आठवड्यात वैनीचा फोन आला, ‘‘वन्सं, हे गेलं...’’ उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकत अडकत आमची जीप पोचली, तेव्हा सगळे माझ्यासाठीच खोळंबले होते. मी रडले ते रडलेच, पण खरं सांगते, मला त्याचा रागही आला होता. बहिणीच्या आधी डबा!

या डब्याबद्दल सांगायचं तर आधी आण्णाच्या आवाजाबद्दल सांगावं लागेल. आम्ही मेंढरांमागची माणसं. वडिलांच्या काळात आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला नुसता कुसळी गवताचा माळ होता आणि त्या माळावर हरणं असायची. आण्णा मेंढरांना ‘हिर्रर्र...’ अशी हाक घालायचा, ती लांबवत न्यायचा आणि शेवटी वर उचलायचा. मेंढरं तर वळायचीच, पण हरणंही त्या हाकेला बुजत नसत. हरणाचं असं आहे, की बोलत-खोकत आपल्या वाटेने जाणाऱ्या माणसाचं त्याला फारसं काही वाटत नाही. मान वर करतं, बघतं, परत चरायला लागतं. पण तोच माणूस गप्प झाला, पाऊल दाबून चालू लागला, की ते पुढचा पाय आपटतं, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतं आणि सुटतं. त्यातही एक वाईट खोड. थोडं पळालं की थांबतं आणि मागे वळून बघतं. आण्णा म्हणायचा, ‘‘आपल्या माहेरवाशिणीवानी. निघती, आन् वळून वळून बघती.’’ हा टोमणा मला. लग्न होऊन पाटसला निघाले तेव्हा मी एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढून वाडीकडे बघत राहिले होते ना, त्यावरून. जन्मभर पुरवून पुरवून वापरला त्याने.

मग कधीतरी आण्णाने हाक घालणं एकाएकी सोडलं. काठी आपटून, ढेकळं मारून तो मेंढरं वळवायचा. माळावर मुक्याने मेंढरं राखणं म्हणजे काय हाल, ते करणाऱ्यालाच ठाऊक. आई म्हणाली, आवाजाला दृष्ट लागली. देवऋषी झाला, अंगारा झाला, पण आण्णाने परत हाक काही घातली नाही. पुढे कालव्याचं पाणी आलं, मेंढरं विकली, कांदा आला, ऊस आला, आणि तो एवढा मोठा माळ कमी होत होत आमच्या बांधापर्यंत येऊन ठेपला. आमचा वरचा तुकडा तेवढा आण्णाने पडीक ठेवला. उरलीसुरली हरणं दिवस कलायच्या सुमाराला तिथे उतरायची आणि आण्णा बाभळीला टांगलेला तेलाचा रिकामा डबा बडवून त्यांना हाकलायचा. रोज. आधी बांधावर बसून त्यांच्याकडे पोटभर बघायचा, मग उठायचा आणि बडवायचा. गाव हसायचं. अलीकडे बिबट्याचं भय वाढल्यापासून तर ‘म्हातारं बिबट्याला भ्यालंय’ अशी थट्टा चालायची. त्यावरही तो हसून सोडून द्यायचा.

शेवटी मीच एकदा भांडले. ‘‘आण्णा, रानात काडी न्हाई पिकाची, आन् राखण कसली करतुयास? चरू दे की बिचाऱ्यांना. तुला आवडत्यात न्हवं?’’

‘‘आवडत्यात म्हणूनच,’’ तो म्हणाला, आणि बांधावर बसून त्याने मला सगळं सांगितलं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. एका बड्या असामीकडे शहरातले पाहुणे बंदुका घेऊन आले. शिकारीला बंदी होती, पण माळावर विचारतो कोण? मात्र जीपचा आवाज आला की हरणं टेकाडापलीकडे पसार व्हायची. तेव्हा कुणीतरी सुचवलं, या धनगराच्या पोराला पुढे घाला. आण्णाला त्यात मानच वाटला. त्याने मेंढरं पुढे घातली आणि हाक देत चालला. मागोमाग एक पाहुणा, आण्णाचीच घोंगडी पांघरून, वाकून. हरणांनी माना वर केल्या. ओळखीची हाक ऐकली. माना खाली घातल्या... बार झाला आणि एक पडलं. बाकीची उधळली, तशी मेंढरंही उधळली.

‘‘मेंढरं फुटली म्हणून म्या हाक घातली गं,’’ आण्णा म्हणाला. ‘‘सवयीनं. डोक्यात त्येवढंच, मेंढरं गोळा करायची. आन् ती पळणारी हरणं थांबली. माझ्या हाकंला थांबली. वळून बघाय लागली.’’

दुसरा बार तेव्हा झाला.

आण्णाने बाभळीवरच्या डब्याकडे हात केला. मग म्हणाला, ‘‘भ्याली न्हाईत म्हणून मेली. माणसाचा आवाज म्हंजी वंगाळ, येवढं तरी मी ह्यांना शिकवणार. मला वैरी समजली तर समजूंद्यात.’’ ज्याला त्यांना पाहिल्याशिवाय घास गोड लागत नव्हता, त्याने रोज आपल्याच हाताने त्यांना हुसकून लावायचं... मला आजही ते आठवलं की भडभडून येतं.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर, ऊन उतरताना, मी आणि वैनी वरच्या रानात गेलो. बाभळीला डबा तसाच होता, आणि तो बडवायचा ट्रॅक्टरचा जुना बोल्ट खोडाच्या बेचक्यात. आम्ही बांधावर टेकलो. आण्णाच्या आठवणी काढत रडत होतो, मधेच हसतही होतो. तेवढ्यात टेकाडावरून एक हरणी उतरली. इतक्या जवळून मी हरीण कधी पाहिलं नव्हतं. आमचं बोलणं तिला ऐकू येत होतं. तिने मान वर केली, बघितलं, आणि परत चरायला लागली. आण्णा खाटेला खिळला तेव्हापासून डबा बंद होता. एवढ्यातच ती विसरली होती. खालच्या रस्त्यावर कुणाची तरी मोटारसायकल येऊन थांबली.

‘‘वन्सं,’’ वैनी हळूच म्हणाली, ‘‘वाजवा.’’

‘‘तुम्हीच वाजवा, वैनी.’’

‘‘माझ्यानं न्हाई व्हायचं.’’

मला ती हरणी तिथे हवी होती. आण्णाने डोळे भरून पाहिलेलं एवढंच काय ते मागे उरलं होतं. आजच्या दिवस राहू दे, असं फार वाटलं... मी गुडघ्यांवर हात टेकून उठले, बोल्ट घेतला आणि डबा बडवला. ती उधळली. अर्ध्या टेकाडावर गेली, आणि थांबली. मान वळवून आमच्याकडे बघायला लागली.

‘‘जा की गं बाई,’’ मी म्हणाले, आणि परत वाजवला. ती दिसेनाशी होईपर्यंत वाजवत राहिले.