राणीनं गूळ सोडला

आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांइतका माणसांवर अविश्वास आणि घोड्यांवर जीव असलेला गृहस्थ अख्ख्या पुण्यात दुसरा झाला नाही. लष्करात घोड्यांचे डॉक्टर म्हणून हयात घालवून निवृत्त झाले. रोगी बदलले, पद्धत तीच राहिली. खिशात कायम गुळाचे खडे. भेटेल त्याच्यापुढे तळहात सपाट धरायचा आणि म्हणायचं, "घ्या." घेतला तर माणूस ठणठणीत, नाही घेतला तर संशयित. माझ्या मधुमेही सासऱ्यांनी नको म्हटलं, तर यांनी सरळ त्यांची पापणी ओढून आत पाहिलं. लग्नात आधी वरातीच्या घोडीची विचारपूस, नवरदेवाची नंतर, तीही वेळ उरला तर. एका वरमाईनं टोकलं, तेव्हा शांतपणे म्हणाले, "अहो, ओझं तिच्या पाठीवर आहे."

खडकीच्या युसूफभाईंची वरातीची पांढरी घोडी राणी त्यांची भारी लाडकी. पुढे हडपसरला कंपन्या आल्या, नवरदेव संगणकवाले झाले आणि फुलं लावलेल्या मोटारीतून मिरवू लागले. राणीला कोणी बोलावेना. त्यातच तिचं खाणं तुटलं, ती वाळत चालली. वरात नाही म्हणून रुसलीय, असं युसूफभाईंचं ठाम मत. मग काय, जरीची झूल चढवून, बँड लावून, नवरदेवाशिवाय तिची वरात काढली! पुढे डॉक्टर नाचले, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. वरात संपल्यावर त्यांनी गूळ पुढे केला. राणीनं तोंड फिरवलं.

जुन्या सहकाऱ्यांकडून दुर्बिणीची लांब नळी आणवून त्यांनी आत पाहिलं. जठरात कॅन्सर होता, पार पसरलेला. घोड्याला कुठे पोटाचा कॅन्सर होतो, असं मी बोलून गेले. "पोट असलं की होतो," एवढंच म्हणाले. उपाय एकच उरला होता, शेवटच्या इंजेक्शनचा. ते बॅगेत घालून रोज खडकीला जायचे आणि तसंच परत आणायचे. अखेर युसूफभाईच म्हणाले, डॉक्टरसाब, आता तिचे हाल बघवत नाहीत. त्या सकाळी डॉक्टरांनी सवयीनं हात पुढे केला. राणीनं खडा घेतला नाही, नुसता तळहात चाटला. "मान ठेवला माझा," असं मला जिन्यात सांगितलं आणि किल्ली हातात असून दार उघडायचं विसरले.

माझ्या लेकीच्या लग्नात जावई मोटारीतूनच आले. डॉक्टर खिशात हात घालून गाडीभोवती एक फेरी मारून आले. पाठवणीची वेळ झाली होती. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता. ते समोर येऊन उभे राहिले, तळहात सपाट धरला आणि हळूच म्हणाले, "घ्या." मी मुकाट्यानं खडा तोंडात टाकला. तो गिळेपर्यंत ते माझ्याकडे बघत उभे होते.