देवीसमोर घेतलेलं नाव

यमाईशी मी अबोला धरला होता, हे आधी सांगून टाकते. माणसं देवावर रुसतात, कोणी उपास सोडतात, कोणी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवतात. माझी मजल तिथवर गेली नाही. वात पेटवायची, हात जोडायचे आणि तिच्याकडे न बघता स्वयंपाकघरात निघून जायचं, एवढंच. पण कारण तसंच होतं. तिची ओटी भरून, तिचा अंगारा कपाळाला लावून मी नवऱ्याला भेटायला निघाले, आणि तिने मला परक्या मुलखाच्या विमानतळावरून, उंबरा ओलांडू न देता, माघारी धाडलं.

आमचं घर मिरजगावचं. आमचे मालक, म्हणजे नवरा, परदेशात एका मोठ्या गोठ्यावर कामाला आहेत. देश कोणता ते सांगत नाही. नाव न घेण्याची मला सवयच आहे, ते पुढे कळेलच. नकाशात पार खाली, कोपऱ्यातला हिरवागार देश. तिथे गाई उदंड आणि माणसं विरळ. आपला माणूस दूध काढायला समुद्र ओलांडून गेला याचं गावाला फार नवल. "का वो, हितल्या गाई लाथा मारत हुत्या का?" असं लोक विचारायचे. इथली एकही मारत नव्हती. तिथल्या एकीने मात्र मारली, आणि ती लाथ नेमकी त्यांच्या गुडघ्यावर बसली. ऑपरेशन झालं. मला काहीच कळवलं नाही. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना फोन त्यांच्या हातातून निसटला आणि मला खाटेला टेकवलेली कुबडी दिसली.

"ते काय हाय?" मी विचारलं.

"छत्री हाय," ते म्हणाले.

काखेत धरायची छत्री मी जन्मात पाहिली नव्हती. त्याच दिवशी ठरवलं, आता जायचं. डॉक्टर त्यांना इतका लांबचा प्रवास करू देईनात, म्हणून मीच जायचं. व्हिसा मिळाला, बॅग भरली, शेंगदाण्याची चटणी आठवणीने घरीच ठेवली, कारण तिकडे खाण्याच्या वस्तूंची फार तपासणी होते असं ऐकलं होतं. सगळी काळजी घेतली. एक गोष्ट मात्र ध्यानातच आली नाही, की तिथे माणसाला नवऱ्याचं नाव विचारतात.

आता हे हसण्यावारी नेऊ नका. आमच्या सासूबाईंनी लग्नाच्या हळदीतच मला बजावलं होतं, "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं. घ्यायचंच झालं तर उखान्यात घ्यायचं, उखान्यातलं देव मोजत न्हाई." स्वतः त्या इतक्या कडक की सासऱ्यांचं नाव मारुती म्हणून शनिवारी "त्या शेपटीवाल्याला तेल घालून येते" असं सांगून घराबाहेर पडायच्या. त्या आता नाहीत, पण त्यांचा शब्द माझ्या जिभेवर राखणीला बसलेला. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात मी नेहमी मुलीला पुढे करायची. "सांग गं बाई तुझ्या वडलांचं नाव." आजवर माझं कुठेही अडलं नव्हतं.

तिथे मुलगी नव्हती. काचेपलीकडे एक गोरीपान अधिकारी बाई आणि टेबलावरच्या फोनवर हिंदी बोलणारी दुभाषी. पतीचं नाव काय? मी लाजले. पुन्हा विचारलं. मी म्हणाले, "कागदावर हाय की." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज बदलला होता. मी सुचेल तो मार्ग धरला. पदर डोक्यावर घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"चांदीच्या घंगाळात सोन्याची झारी, भानुदासरावांसाठी आले सातासमुद्रापारी!"

 मग त्या दुभाषी माउलीने जमेल तसं भाषांतर केलं असावं, कारण पुढचा प्रश्न आला तो सोन्याच्या झारीचा. झारी कुठे आहे? किती वजनाची? घंगाळ आणताना जाहीर का केलं नाही? माझी बॅग उपसली गेली. त्यात खणाचे ब्लाउज निघाले, गुडघ्याला चोळायचं तेल निघालं, झारी काही निघेना. "ती नाहीच," मी म्हणाले. मग खोटं का बोललात? शिवाय कागदावर नुसतं भानुदास, आणि मी सांगतेय भानुदासराव. हे दुसरे कोण? मी उत्तरं देत गेले आणि प्रत्येक उत्तरानिशी आणखी खोलात गेले. त्या बाईचा तरी काय दोष? जी बाई स्वतःच्या नवऱ्याचं नाव सांगताना घामाघूम होते, तिचा भरवसा कसा धरायचा? पासपोर्टवर शिक्का बसला आणि मला परतीच्या विमानात बसवलं. मालक बाहेर कुबडीवर वाट बघत उभे होते. आम्हा दोघांत फक्त एक भिंत होती.

गावात उतरले तर जाऊबाई दारातच. "आलीस व्हय विमानाला हात लावून?" मीही हसले. तोंडाने हसणं मला जमतं. पण फोनवर मालक म्हणाले, "जाऊ दे आता. नगं तरास घेऊ. मी बरा हाय," आणि तो आवाज इतका बारीक होता की मी त्यानंतर बराच वेळ मोरीत जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच.

पुन्हा अर्ज करायचा तर आधी प्रवेश नाकारला होता का, हा प्रश्न पहिल्यांदा येतो. नगरच्या एका एजंटाने सल्ला दिला, "न्हाई म्हणून टाका, ताई. कोण बघतंय?" मी म्हटलं, "ज्यांनी माघारी धाडलं तेच बघणार ना रे बाबा?" असं म्हटलं खरं, पण मन डळमळलं होतं. खरं लिहावं तर कोण विश्वास ठेवणार, आणि खोटं पकडलं गेलं तर दार कायमचंच बंद. मुलगी म्हणाली, "आई, तू ठरव." मला काहीच ठरवता येईना. शेवटी मंगळवारी एसटीने कर्जत आणि तिथून यमाईचं राशीन गाठलं. दर्शनाला नव्हे, भांडायला.

गर्दी नव्हती. मी गाभाऱ्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "आई, ओटी पोचली का नाही तुला? पोचपावती तरी द्यायचीस." बहुधा मोठ्यानेच म्हणाले, कारण मागून कोणीतरी खुदकन हसलं. हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी होती. जामखेडकडून जीप करून बायका आल्या होत्या, त्यांतली.

"कुनाशी भांडतीस गं बाये?"

"देवीशी."

"भांड की. तिला सवय हाय. पर झालं काय?"

तिला सगळं सांगितलं. झारीपाशी आले तेव्हा ती खांबाला धरून हसली, तिला ठसका लागला, मलाच तिची पाठ चोळावी लागली. मग तिने पदराने डोळे पुसले आणि पुसतच राहिली.

"मी बी उभ्या जल्मात न्हाई घेतलं त्येंचं नाव," ती म्हणाली. "तरी गेलंच की ते. आता घेती. रोज. चुलीपुढं बसून म्हनती, सोपान, ए सोपान. वो द्याया कुनी न्हाई."

 तिने माझ्या दंडाला धरून मला देवीकडे वळवलं. "तुझा वो देनारा हाय ना? मग घे की नाव. आयुष्य द्यायचं काम हिचं हाय, तुझ्या जिभंचं न्हाई."

मी कितीतरी दिवसांनी देवीच्या डोळ्यांत पाहिलं. "भानुदास," म्हणाले. राव नाही, घंगाळ नाही, नुसतं नाव. ओठांना ते इतकं नवं वाटलं की मी पुन्हा म्हणाले. "मोठ्यानं," म्हातारी म्हणाली. "भानुदास!" पुजाऱ्याने दचकून मागे पाहिलं, आणि त्याच वेळी माझ्या कमरेच्या पिशवीतला फोन थरथरला. त्यांचाच होता. तिकडे संध्याकाळ झाली की ते याच सुमाराला फोन करतात, हे मला ठाऊक आहे. तरी मी आधी देवीकडे पाहिलं, मग फोन उचलला. आज आवाज जरा बरा वाटला. "कुठं हायस?" त्यांनी विचारलं. "आईपाशी," मी म्हणाले. बोलून वळले तर म्हातारी नव्हती. आमच्या आळीतल्या बायका म्हणतात, ती देवीच होती. मी वाद घालत नाही. जामखेडच्या जीपचा हॉर्न वाजला होता, हेही तितकंच खरं.

अर्जात सगळं खरं लिहिलं, उखाण्यासकट. मुलीने त्याखाली त्याचा अर्थ इंग्रजीत लिहून दिला. पुढे काय होईल याचा विचार करायचं मी सोडलं. तसं सोडता येतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. एके दिवशी व्हिसाच्या कचेरीतून फोन आला, सोबत दुभाषी होतीच. पतीचं नाव? मी सांगितलं, एका दमात. मग विचारलं, मागच्या वेळी हेच का सांगितलं नाहीत? मी म्हणाले, "त्यांनी खूप जगावं म्हणून. आता ते काम मी देवीवर सोपवलंय." दुभाषीने ते सांगितलं.  मग पुढचा प्रश्न आला, आवाज मऊ होता. काही आठवड्यांनी व्हिसा हातात पडला.

या वेळी विमानतळाचं दार उघडलं. पलीकडे ते उभे होते, काठी टेकून, बारीक झालेले. मी सगळं बळ एकवटून हाक मारली, "भानुदास!" आणि काय सांगू, माणूस ढिम्म हलला नाही. इकडेतिकडे बघत राहिला, माझ्या डोक्यावरून गर्दीत मलाच शोधत राहिला. परत हाक मारली. तेच. शेवटी जवळ जाऊन बाही ओढली तेव्हा दचकले. डोळे भरलेले होते.

"तू व्हय? मला वाटलं, आई हाक मारतीया."

कोणती आई, हे मी विचारलं नाही. आयुष्यभर ओठ मिटून मी ज्याला सांभाळत होते, त्याला खरं सांभाळणारी दुसरीच कोणी होती, आणि तिला माझ्या मदतीची गरज नव्हती. तिने फक्त माझी जीभ मोकळी केली. मनातल्या मनात मी दोन्ही आयांचे, यमाईचे आणि सासूबाईंचे, पाय धरले, मालकांचा हात माझ्या खांद्यावर घेतला, आणि आम्ही हळूहळू गाडीकडे निघालो.