चाळीस विती

वाळवणासाठी आणलेल्या कप्पच्या, म्हणजे साबुदाण्याच्या, कंदांचा ढीग निम्मा चिरून झाला होता. चुलीवर हंड्यात पाणी खळखळत होतं. चकत्यांना एक उकळी काढायची, मग त्या मागच्या खडकावर पसरायच्या, आणि हे सगळं ऊन चढायच्या आत. पण सेलिनचं निम्मं लक्ष फाटकाकडे. सकाळी सहाला शाळेच्या मैदानावर गेलेले चाच्चन, म्हणजे तिचे वडील औसेप, अजून घरी आले नव्हते.

आले ते रिकामा थर्मास हलवत. त्याची आतली काच दोनदा बदललीय, पण थर्मास तोच. सेलिन नववीत होती तेव्हा ते यातूनच तिला गुळाची काळी कॉफी न्यायचे. पहाटे तीनला उठायचे, कपाळाला दिवा बांधून तीनशे रबराच्या झाडांना चीर द्यायचे आणि चीक गोळा करण्याआधी धावत मैदान गाठायचे. शेवटच्या वळणावर दिवा न काढताच उभे राहायचे. “मोळे, पोरी, माझ्याकडे बघ, पायांकडे नको,” म्हणायचे. ती त्या उजेडाकडे पळायची.

आता त्या वळणावर ते शेजारच्या डेल्नासाठी उभे राहत. पोरीचा बाप दुबईला. ठीक आहे, दया करावी माणसानं. पण ती त्यांना आजोबा म्हणायचं सोडून ‘चाच्चन’ म्हणायला लागली, तेव्हापासून सेलिनच्या छातीत निखारा होता. रोज रोझरीची माळ जपताना तिसऱ्या दहा मण्यांपाशी तो फुलायचाच. देवमातेला तिनं सगळं सांगितलं होतं, पाद्रीबाबांना मात्र नाही.

“अंडं सोलून दिलं की नाही तुमच्या लेकीला?” तिनं सुरी न थांबवता विचारलं.

“दिलं.”

“मीठ लावून?”

“तिला मिरी आवडते.”

“आवडीनिवडीसुद्धा पाठ झाल्या. मला काय आवडतं ते आठवतंय?”

“तुला पुढे कुणी असलेलं आवडत नाही,” म्हणत औसेप पाटावर टेकले. एक कंद उचलला आणि नुसताच फिरवत बसले. “आजही एका सेकंदानं राहिली. तिसऱ्यांदा. रडली.”

सेलिनला आतून गार वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. शाळेच्या व्हरांड्यात एक फळा आहे. त्यावर मुलींच्या आठशे मीटरच्या विक्रमापुढे बावीस वर्षं तिचं नाव आहे. रेशनकार्ड आणि चर्चची वही सोडली, तर जगात तिचं नाव लिहिलेली ती एकच जागा. पुढच्या शनिवारी शाळेच्या स्पर्धा. तो विक्रम मोडणाऱ्या मुलीचंच नाव शाळा चालवणाऱ्या सिस्टर क्रीडा वसतिगृहासाठी पाठवणार होत्या. डेल्नाचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष.

“राहिली तर राहिली. पळायला दम लागतो.”

“दम आहे तिच्यात. मैदान चुकलं होतं, मोळे.”

“कुठलं मैदान?”

“तुझं.” त्यांनी कंद खाली ठेवला. “त्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी शाळेची मोजायची फीत दुसऱ्या शाळेला द्यायची होती. मी आपल्या विहिरीचा दोर आदल्या दुपारी फितीला लावून वीस मीटरला गाठ मारून ठेवला. संध्याकाळी तुझ्या अम्मानं त्यानंच पाणी ओढलं. सकाळी मी तो ओला दोर नेऊन मैदान आखलं, चुना टाकला. काथ्याचा दोर भिजला की आखडतो. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर मैदानावरच्या खुणांना लावून पाहिला, तर वीतभर लांब. एका फेरीला दहा दोर, तुझ्या चार फेऱ्या. चाळीस विती कमी पळालीस तू.”

हंड्यातलं पाणी उतू जाऊन चूल फिसकारली. दोघंही उठली नाहीत.

“आणि हे बावीस वर्षांनी सांगताय. तिच्यासाठी.”

“तिच्यासाठी सांगतोय. तुझ्यासाठी गप्प बसलो होतो. जिंकलेला कप कुशीत घेऊन झोपली होतीस त्या रात्री. कसं बोलणार?”

“आता का बोललात मग? जायचं सरळ सिस्टरकडे.”

“नाव तुझं आहे. मी नाही जायचो. तू गप्प बसलीस तर मीही बसेन, मरेपर्यंत.”

त्यांनी ते असं सांगितलं, की ते खरंच गप्प बसतील हे तिला कळलं. ती चिरत राहिली. चकत्या जाड, वेड्यावाकड्या पडू लागल्या. देवाला तिनं मनात म्हटलं, ही पोर मला आवडत नाही, आजही नाही, उद्याही आवडणार नाही, ते तू बघ. तिच्या डोळ्यांपुढे पुढचा शनिवार आला: डेल्ना शेवटच्या वळणावर, समोर चाच्चन, आणि ते बघत बसलेली आपण, पोरगी पडावी म्हणून मनात नवस बोलत. आणि त्या नवसाचं ओझं वाहून रविवारी वेदीपुढे जायचं. त्यापेक्षा त्या पोरीनं हिसकावून घेण्याआधी आपणच दिलेलं बरं. दिलेलं निदान आपलं तरी होतं.

तिनं सुरी त्यांच्यापुढे सरकवली. “उरलेले तुम्ही चिरा. पातळ चिरा, वाळायला हवेत. आणि सोमवारपासून थर्मासात दोन कप जास्त भरा, मीही येणारेय. तिचा डावा हात फार हलतो पळताना.”

“तू कधी पाहिलंस?”

“कुंपणावरून दिसतं,” ती म्हणाली आणि हात धुवायला उठली.

आज शनिवार, सिस्टर बारापर्यंत ऑफिसात असतात. सेलिन कपडे बदलून शाळेत निघाली, फळ्यावरचं नाव पुसायला सांगायला.