पिशवीतलं फुरसं

लांज्याच्या एका बागवाल्याला फुरसं चावलं. कोणता साप ते डॉक्टरांना कळावं, म्हणून आमच्याकडे लोक साप मारून सोबत आणतात. यानेही पिशवीतून आणला. मारायचाच तर नीट मारावा ना. मी नर्स, आधी श्वास, नाडी, मग सलाईन, हा क्रम मला पाठ. पिशवी कॉटखाली सारून मी नाडी धरली आणि पिशवी हलली.

शेजारचा अपेंडिक्सवाला, ज्याला चार पावलं चालवायला मी सकाळपासून भांडत होते, तो थेट खिडकीत चढला. मी स्टुलावर. नाडी मात्र सोडली नव्हती.

बागवाला तेवढा शांत पडून होता. म्हणाला, "सिस्टर, त्याचं काम माझ्याशी होतं, ते झालं. तुम्ही उतरा नि सलाईन लावा."