दारातला तिसरा

नानासर वर्गात आले की फळ्यावर आधी माणसं काढत. एरंडोलचं कॉलेज, बारावीचा भौतिकशास्त्राचा तास, आणि फळ्यावर काड्यांच्या हातापायांची माणसं. मग खडू आमच्याकडे रोखला जाई आणि मी वहीत तोंड खुपसायचे. गणितं मला यायची. पण सर गणित घालतच नसत. ते घडलेली घटना सांगत. गिरणीचा पट्टा तुटला, बांधावर तार पडली. "काय व्हयनं?" एवढं विचारून गप्प बसत. कोणी घाईने सूत्र म्हटलं की ठरलेलं वाक्य येई, "सूत्र नंतर. पहिले सांग, मानूस कोठे उभा शे?"

एक घटना ते दरवर्षी घेत म्हणे. पत्र्याच्या कुलरची. आमच्याकडे उन्हाळ्यात तो घरोघरी असतो. फळ्यावर तीन माणसं होती. एक बाई कुलरला चिकटलेली, दुसरी तिला ओढायला धावलेली आणि तिसरा दारात. ओले पाय, ओल्या कातडीचा कमी झालेला रोध, अंगातून जमिनीत जाणारा प्रवाह, सगळं आम्ही मांडलं. दोघीही गेल्या, असं सरांनी सांगितलं.

"आणि सर, तिसरा?" मी भीतभीत विचारलं.

"तो काहीच करत नही," सर म्हणाले आणि फळा पुसून टाकला.

त्यानंतर आठवडाभर मी घरच्या कुलरजवळून भिंतीला घासून जायचे. आई हसायची. "शिकीसन पोर भित्री व्हयनी," असं शेजारणीला सांगायची.

मे महिन्यातल्या एका दुपारी आई चालू कुलरमध्ये पाणी ओतत होती. बादली पडल्याचा आवाज आला म्हणून मी गेले, तर आईचा हात पत्र्यालाच आणि तोंड उघडं, पण आवाज नाही. मी धावले. दोन पावलांवर अनवाणी पायाला गार लागलं. मानूस कोठे उभा शे? मी पाण्यात उभी होते. हात पुढे झाला होता, तो मागे घेतला आणि आईकडे पाठ फिरवून दाराकडे पळाले. तिच्याकडे पाठ करताना वाटलं तेवढं भय मला पुन्हा कधी वाटलेलं नाही. चौकटीशेजारचा मेन स्विच खाली ओढला. मागे आई धपकन पडली. तिचा श्वास चालू होता. तळहातावरचा डाग तेवढा कायमचा राहिला.

ती दवाखान्यातून घरी आल्यावर मी सरांकडे गेले. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं.

"तू कोठे उभी व्हती?" त्यांनी विचारलं.

"आधी पाण्यात. मग दारात, स्विचपाशी."

 "आमना घरमा बी स्विच दारातच व्हता," सर म्हणाले. "कुलरले अक्का चिकटेल व्हती. आई तिले धराले धावनी. मी दारात. माले सगळा सूत्र पाठ व्हतात, पोरी."

 त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले.

सर आता नाहीत. मी धुळ्याला शिकवते आणि दर उन्हाळ्याआधी फळ्यावर ती तीन माणसं काढते.  पण तिसऱ्याच्या हाताशी मी स्विच काढते. सरांनी तो कधीच काढला नव्हता.