गळकी बांधी

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दोनेक वर्षांनंतरची गोष्ट. एका सकाळी माय खाटेवरून उठायला गेली आणि तिचे पायच उचलेनात. आदल्या दिवशी शेतावर जाऊन आलेली बाई. आम्ही घाबरून तिला जीपमध्ये घालून भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त घेतलं ते ठीक, पण लघवीही मागितली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं माझ्या मनात आलं. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते, म्हणून मनात ठेवलं नाही. सरळ विचारलं.

ते चिडले नाहीत. कागदावर त्यांनी एक वाकडीतिकडी नळी काढली. मूत्रपिंडात रक्तातलं पाणी, क्षार, सोडा म्हणजे बायकार्बोनेट, असं बरंच काही गाळून या नळीत येतं आणि नळीच्या भिंतीतल्या पेशी कामाचं तेवढं वेचून रक्तात परत पाठवतात. सोडा परत मिळवायचा तर त्यांना आम्ल बाहेर ढकलावं लागतं. मायच्या पेशींना हे नीट जमत नव्हतं. सोडा लघवीतून चालला होता, त्याच्यासोबत पोटॅशियमही, आणि ते उतरलं म्हणून पाय लुळे. काय ठेवायचं नि काय सोडायचं हे एवढ्याशा पेशीला कोण सांगतं? मी विचारतच राहिले. शेवटी बाबांनी मला कोपर मारलं.

सलाईन लागली, माय उभी राहिली. सोड्याच्या आणि पोटॅशियमच्या गोळ्या घेऊन आम्ही गावी आलो.

बाबा तलावाचं पाणी गावातल्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, वाटून देत. त्यामुळे शेताच्या गळतीतलं आपल्याला सारं कळतं, अशी त्यांची खात्री. "गळक्या बांधीत पानी सोडते तो येडा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांनी मायचं पाणी दिवसाला दोन गिलासांवर आणलं आणि गोळ्या अर्ध्या केल्या. वाहूनच जाणार तर घालायच्या कायले? मलाही ते पटलं, याची अजून लाज वाटते. उन्हाळा होता. आठवडाभरात माय चुलीपाशी कोसळली.

पुन्हा तेच डॉक्टर. या वेळी ते चिडले.

"गळती बंद होईन का?" बाबांनी हळूच विचारलं.

"सध्या तरी नाही. घालाल त्यातलं बरंच वाहून जाईल. तरी रोज घालत राहायचं, पाणीही भरपूर द्यायचं. तेव्हाच त्या चालतील."

पुन्हा सलाईन लागली, आणि माय उभी राहिल्यावर आम्ही एसटीनं गावी परतलो.

दुसऱ्या दिवसापासून दिवसातून चारदा ते स्वतः गोळ्या आणि भरलेला तांब्या घेऊन मायपुढे उभे राहू लागले. एकदा ती हसून म्हणाली, "गळक्या बांधीत पानी टाकून राहिले तुमी."

बाबांनी तांब्या तिच्या हातात दिला.

"बांधी आपली हाय," ते म्हणाले. "पी."